प्रोसेस ग्रुप

युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एका कामासाठी सुरू झालेल्या प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्रॅम, कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका क्रमांकाखाली एकत्र धरतो. या जुटीला प्रोसेस ग्रुप म्हणतात. मराठीत ‘टोळी’ हा शब्द तिला चपखल बसतो. सांगली-साताऱ्याच्या उसाच्या पट्ट्यात तोडणीचा व्यवहार मजुरागणिक होत नाही. तो मुकादमाशी ठरतो आणि टोळी त्याच्याच नावाने ओळखली जाते.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची एक मोठी झिप केलेली फाइल आहे. झेडकॅटने ती उलगडायची, ग्रेपने राजापुरी हळदीच्या ओळी वेचायच्या, ऑकने पोत्यांची बेरीज करायची. पाइपने जोडलेल्या, म्हणजे एकीचे आउटपुट पुढचीला देणाऱ्या, या तीन कमांडसाठी शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तीन प्रोसेस सुरू करतो; त्यांचे क्रमांक ४२१०, ४२११, ४२१२. तिन्ही ४२१० या ग्रुपमध्ये जातात, कारण पहिली प्रोसेस इथली मुकादम आणि तिचाच क्रमांक ग्रुपला मिळतो. कंट्रोल-सी दाबले की थांबण्याचा सिग्नल तिघींना एकदमच मिळतो. सिग्नल पाठवणाऱ्या किल कमांडला उणे ४२१० असा आकडा दिला तरी सिग्नल सगळ्या टोळीला पोचतो.

झेडकॅटचे काम सहसा आधी संपते. म्हणजे मुकादम गेला. तरी टोळी मोडत नाही. शेवटची प्रोसेस संपेपर्यंत ग्रुपचा क्रमांक ४२१०च राहतो आणि तोवर कर्नल तो आकडा दुसऱ्या कोणत्याही नव्या प्रोसेसला देत नाही. या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे, आणि शिकणाऱ्यांकडून नेमकी हीच निसटते.

अनेक ग्रुप मिळून एक सेशन होते. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) एका वेळी त्यातल्या एकाच ग्रुपच्या ताब्यात असते; मागे चालणाऱ्या ग्रुपने कीबोर्डवरून वाचायला घेतले, तर कर्नल त्याला जागच्या जागी थांबवतो. बीएसडी या युनिक्सच्या शाखेत रुळलेली ही पद्धत १९८८मध्ये पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या सामाईक मानकात आली.

या टोळीला कुंपण मात्र नाही. सेटसिड हा सिस्टिम कॉल (कर्नलला केलेली विनंती) वापरून एखादी प्रोसेस नवे सेशन थाटते आणि ग्रुपबाहेर पडते. शिवाय एका ग्रुपने मेमरी किती खावी, यावर इथे लगाम घालता येत नाही. ही उणीव भरायला गुगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६मध्ये काम सुरू केले. त्यातून घडलेले सीग्रुप, म्हणजे कंट्रोल ग्रुप, २००८च्या लिनक्स २.६.२४मध्ये दाखल झाले. आजचे कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळे ठेवून चालवायचे कप्पे, त्यांच्याच आधारावर चालतात. सीग्रुपमध्ये जन्मलेली प्रोसेस आईच्याच, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसच्याच, सीग्रुपमध्ये राहते, सेटसिडने तिची सुटका होत नाही. लिनक्स ५.१४पासून तर सीग्रुपच्या फोल्डरमधल्या ‘सीग्रुप.किल’ या फाइलमध्ये १ लिहिला, की आतली एकूण एक प्रोसेस संपते.