स्तनकर्करोगातील उपजत प्रतिकारशक्तीचे दमन

आधीची ओळख नसतानाही परक्या किंवा बिघडलेल्या पेशींवर तत्काळ तुटून पडणाऱ्या यंत्रणेला उपजत प्रतिकारशक्ती म्हणतात. मॅक्रोफेज म्हणजेच महाभक्षक पेशी, नैसर्गिक मारक पेशी, न्यूट्रोफिल व डेंड्रायटिक पेशी हे तिचे मुख्य घटक. स्तनातील अर्बुद, म्हणजे कर्करोगाची गाठ, या पेशींना निष्प्रभ करते किंवा स्वतःच्या कामी जुंपते. गाठीत या पेशी नसतात असे नाही. मॅक्रोफेज तर पुष्कळदा भरपूर असतात.

अर्बुदात पांढऱ्या पेशी आढळतात, ही नोंद रुडॉल्फ फिरखो यांनी 1863 च्या सुमारास केली. पेशींची भक्षणक्रिया ईल्या मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये मेसिना येथे पाहिली, तर नैसर्गिक मारक पेशींचे वर्णन 1975 च्या आसपासचे आहे.

सर्वाधिक मतभेद मॅक्रोफेजांविषयी आहेत. अर्बुदातून स्रवणारी सीएसएफ-1 व सीसीएल2 ही प्रथिने रक्तातील मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना गाठीकडे ओढतात. तेथे त्या मॅक्रोफेज बनतात आणि आयएल-10, टीजीएफ-बीटा या संकेतवाहक प्रथिनांच्या प्रभावाखाली मारण्याऐवजी जखम भरण्याच्या कामाला लागतात : नव्या रक्तवाहिन्या वाढवणे, ऊती सैल करणे, कर्कपेशींना मारू शकणाऱ्या टी पेशींना थोपवणे. 2000 पासून यांना एम1 (मारणारे) व एम2 (जखम भरणारे) अशा दोन गटांत विभागण्याची प्रथा पडली. एकेका पेशीच्या जनुकीय अभ्यासानंतर ही विभागणी टिकत नाही. एकाच पेशीत दोन्ही गटांच्या खुणा सापडतात, म्हणून सलग पट्ट्याची कल्पना अधिक ग्राह्य वाटते. हे मॅक्रोफेज भ्रूणावस्थेपासून स्तनात वसलेले की अस्थिमज्जेतून नव्याने आलेले, हाही वाद आहे. उंदरांतील पुरावा बराचसा दुसऱ्या मताकडे झुकतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सीएसएफ-1 नसलेल्या उंदरांत मूळ गाठ नेहमीसारखीच वाढली, पण तिचा फुप्फुसांकडील प्रसार लांबला. मॅक्रोफेजांचा हात गाठ उद्भवण्यापेक्षा पसरण्यात अधिक असावा, असे त्यावरून दिसते.

कर्कपेशी सीडी47 या प्रथिनाद्वारे मॅक्रोफेजांना ‘मला खाऊ नकोस’ असा संकेत देतात. तिहेरी-नकारात्मक प्रकारात (ज्यात दोन संप्रेरकांचे ग्राहक, म्हणजे संकेत टिपणारी प्रथिने, आणि हर-2 हे वाढीला चालना देणारे प्रथिन, हे तिन्ही आढळत नाहीत) सीडी24 हेच काम करते, असे 2019 मध्ये दाखवण्यात आले. मारक पेशींना धोक्याची खूण पटवणारे मायका हे प्रथिन कर्कपेशींच्या पृष्ठभागावरून तुटून रक्तात मिसळते. मग मारक पेशींचे ग्राहक त्यातच गुंततात. हाडांत पसरलेल्या कर्कपेशींमध्ये आयआरएफ7 हा इंटरफेरॉनचा, म्हणजे प्रतिकार पेशींना सावध करणाऱ्या प्रथिनांचा, नियंत्रक मंदावल्याचे 2012 मध्ये आढळले.

गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, हे सरकारी उपचारांचे प्रमुख केंद्र आहे. बायोप्सीच्या नेहमीच्या अहवालात ईआर व पीआर (दोन संप्रेरकांचे ग्राहक), हर-2 व केआय-67 (पेशींच्या वाढीच्या वेगाची खूण) यांचे रकाने असतात. मॅक्रोफेजांची मोजणी सहसा नसते. सीडी68 किंवा सीडी163 या मॅक्रोफेजांवरील खुणेच्या प्रथिनांचे रंजन केल्यास काचपट्टीवर मॅक्रोफेज पेशी कर्कपेशींच्या पुंजक्यांभोवती तपकिरी दिसतात. अहवाल हाती आलेल्या बाईला एवढे तरी स्पष्ट सांगायला हवे, की तिच्या अंगात ‘ताकद नव्हती’ म्हणून गाठ झाली असे नाही, आणि काढे-चूर्णांनी हे दमन उलटते याला पुरावा नाही.

उपचारांच्या दृष्टीने ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड-औषध महत्त्वाचे. हर-2 ला चिकटलेल्या या प्रतिपिंडाचे शेपूट मारक पेशी व मॅक्रोफेज पकडतात. ते पकडणारे ग्राहक नसलेल्या उंदरांत औषधाचा परिणाम बराच घटला, असे 2000 मध्ये दिसले. दमन झालेल्या याच पेशींवर औषधाचे यश काही अंशी अवलंबून असते. गोवा शासनाने 2024 मध्ये ट्रास्टुझुमॅब-पर्टुझुमॅब हे संयुक्त इंजेक्शन मोफत देण्यास सुरुवात केली. सीडी47 रोखणाऱ्या औषधांपुढे मात्र रक्तक्षयाची अडचण उभी राहिली, कारण तांबड्या पेशींवरही हेच प्रथिन असते.