पार्श्वभूमी : फ्लोरिडातला यती का हलत नाही

‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही डिस्नेच्या अ‍ॅनिमल किंगडम पार्कमधली, बनावट हिमालयी डोंगरातून धावणारी रोलर कोस्टर. ही राइड देखभालीसाठी बंद झाली की तिच्यातल्या यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या यांत्रिक पुतळ्याच्या, दुरुस्तीचा वाद नव्याने पेटतो. ‘पुतळा बिघडला’ असं त्यात सरसकट म्हटलं जातं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

यंत्राने हलणारे पुतळे थीम पार्कना नवे नाहीत. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात लिंकनचा पुतळा खुर्चीतून उठून भाषण करायचा. पण तो माणसाएवढा होता. एप्रिल २००६ मध्ये फ्लोरिडात सुरू झालेल्या या राइडमधला यती सुमारे २५ फूट उंच, वजनाने जवळजवळ नऊ टन. हायड्रॉलिक सिलिंडरच्या जोरावर तो पाच फूट पुढे झेपावायचा आणि दीड फूट वर-खाली व्हायचा. गाडी शेवटच्या टप्प्यात त्याच्या हाताखालून जायची, तेव्हा पंजा डोक्याला लागतो की काय असं वाटायचं. हे वैभव फार टिकलं नाही. काही महिन्यांतच पुतळ्याच्या चौकटीला तडा गेल्याचं सांगितलं जाऊ लागलं, आणि यतीला ‘बी मोड’वर टाकण्यात आलं.

हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. ठरल्याप्रमाणे सगळं चालतं तो ‘ए मोड’. एखादी करामत बंद पडली तरी राइड थांबवावी लागू नये म्हणून आधीच ठरवलेला पर्याय म्हणजे ‘बी मोड’. ही तात्पुरती सोय असते. इथे पर्याय म्हणून लावला तो उघडझाप करणारा झगझगीत दिवा. त्या लखलखाटात स्थिर पुतळाही हलल्यासारखा भासतो. चाहत्यांनी त्याचं बारसं ‘डिस्को यती’ असं केलं. कामचलाऊ सोयीलाच नाव चिकटलं, आणि ती कायमची झाल्याचं कोणी जाहीर करण्याची गरजच उरली नाही.

दोष नेमका कशात? डोंगराचा सांगाडा, रुळांचा आधार आणि यतीचा आधार एकमेकांना न टेकणारे, वेगवेगळे उभारले आहेत. पायाच्या काँक्रीटमध्ये चूक राहिली, असं एक मत अनेक वर्षं फिरतं आहे. व्यवस्थापनाने कारण स्पष्ट केलेलं नाही. २०१३ मध्ये चाहत्यांच्या एका संमेलनात राइडच्या मुख्य रचनाकाराने अडचण सांगितली. हे अवजड यंत्र ४६ फुटी मनोऱ्यावर बसवलेलं आहे आणि तो मनोरा बांधून पूर्ण झालेल्या इमारतीच्या पोटात आहे. यती एक दिवस दुरुस्त करीन, अशी शपथही त्याने घेतली. म्हणजे प्रश्न पुतळ्यापेक्षा त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा आहे. डोंगर फोडायचा तर राइड दीर्घकाळ बंद ठेवावी लागणार, आणि गाडी तर यतीविनाही ताशी ८० किलोमीटरने धावते. हिशेब उघड आहे. तो कोणी बोलून दाखवत नाही इतकंच.

शपथ घेणारा रचनाकार २०२१ च्या सुरुवातीला निवृत्त झाला. २०२२ मध्ये जानेवारीपासून तीनेक महिने राइड बंद होती, तेव्हा चाहत्यांच्या आशा पुन्हा जाग्या झाल्या. एप्रिलमध्ये ती उघडली. पंजा होता तिथेच होता.