छोटी आणि हलकी गिटार : वजन नेमकं कुठून वाढलं

छोट्या पेटीची, वजनाला हलकी आणि तार छेडली की पोटाला जाणवेल इतकी घुमणारी अकूस्टिक गिटार शोधायला निघालेला माणूस बहुतेक वेळा साइजपासून सुरुवात करतो, ० घ्यावी का ००, पार्लर घ्यावी का ०००. मग हातात येते ती गिटार दिसायला इवलीशी असते, पण उचलली की जड, आणि आवाज डबीत कोंडल्यासारखा. असं का होतं याचं उत्तर साइजमध्ये नाहीये. छोटं असणं, हलकं असणं आणि घुमणं या तिन्ही गोष्टी एकेकाळी सोबतच यायच्या, त्यांची फारकत विसाव्या शतकात झाली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तडा १९४४ मध्ये गेला. त्याबद्दल सविस्तर खाली.

त्याआधीचं थोडक्यात. १८३३ मध्ये सी. एफ. मार्टिन नावाचा एक जर्मन कारागीर न्यूयॉर्कला आला, काही वर्षांत पेनसिल्व्हेनियातल्या नाझारेथला गेला आणि आजही त्याच घराण्याचं नाव तिथल्या गिटारींवर आहे. तेव्हा तारा आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. त्यांचा ताण कमी, त्यामुळे लाकूड पातळ ठेवता यायचं आणि टॉपखाली, म्हणजे पेटीच्या पुढच्या फळीखाली, फार टेकू लागत नव्हते. आकाराचे नंबरही तेव्हाचेच आणि उलटे, नंबर जितका लहान तितकी गिटार मोठी. १ नंबर, म्हणजे खालच्या फुगीर भागात जेमतेम पावणेतेरा इंच, ही त्या काळी मोठी गिटार! मग आणखी मोठी हवी झाली तर १ च्या खाली फक्त शून्यच उरलं होतं, म्हणून ० आली, मग ००, आणि १९०२ मध्ये ०००, जी साधारण १५ इंची. म्हणजे आज आपण ज्याला छोटी म्हणतो ती त्यांच्या हिशोबात थोराड होती.

पार्लर हा शब्द इथेच गोंधळ करतो. कोणी ० पेक्षा लहान तेवढीच पार्लर म्हणतं, कोणी बाराव्या फ्रेटला (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) नेक, म्हणजे दांडा, पेटीला भेटली की पार्लर, आणि कोणी शिकागोच्या कारखान्यांतून टपाल-कॅटलॉगवर विकल्या गेलेल्या, टॉपखाली आडव्या पट्ट्या असलेल्या स्वस्त बर्चच्या गिटारींना. त्या शिकागोवाल्या वजनाला हलक्या असतात हे खरं, पण त्यांचा आवाज कोरडा, फटकन येतो आणि संपतो, ब्लूजला छान, घुमारा हवा असेल तर निराशा. तेव्हा पार्लर हे लेबल वाचून फारसं काही कळत नाही.

स्टीलच्या तारा आल्या आणि खेळ बदलला. नाझारेथच्या कंपनीने १९२२ मध्ये २ नंबरच्या एका महोगनी गिटारवर त्या नेहमीच्या म्हणून बसवल्या. ताणाचा फरक बघा, नायलॉनचा सेट साधारण ४० किलोने ओढतो, स्टीलचा लाइट सेट ७० किलोच्या वर. १९२९ मध्ये एका बँजोवाल्याच्या आग्रहावरून चौदा फ्रेट पेटीबाहेर असलेली ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) निघाली, कारण बँजोवाल्यांना लांब नेकची सवय होती. त्यासाठी ०००चीच पेटी वरच्या बाजूने आखूड केली आणि ब्रिज, म्हणजे टॉपवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी, वर सरकला. बारा फ्रेटवाल्या गिटारींत ब्रिज खालच्या भागाच्या जवळपास मधोमध बसतो आणि त्यांचा आवाज जास्त उबदार लागतो असं बरेच जण म्हणतात, मीही म्हणतो. १९३४ ला ओएमचं नाव गेलं, तीच पेटी थोड्या आखूड स्केलने, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीने, ००० म्हणून विकली जाऊ लागली (२५.४ इंचाऐवजी २४.९), आणि साधारण त्याच सुमारास नेकमध्ये स्टीलची पट्टी आली. पहिलं वाढलेलं वजन हे.

तरी १९३० च्या दशकातल्या गिटारी हलक्याच होत्या आणि मोकळ्या घुमायच्या. घुमायच्या का, तर टॉपखालच्या ब्रेसेस (आधाराच्या लाकडी पट्ट्या) स्कॅलप केलेल्या, म्हणजे पट्टीचा मधला भाग खरवडून होडीसारखा खोलगट केलेला. मिशिगनमधल्या कलमझूच्या गिब्सन कंपनीच्या पावणेपंधरा इंची गिटारीही तेव्हा अशाच नाजूक बांध्याच्या होत्या.

आता १९४४. त्या वर्षाच्या शेवटी नाझारेथला स्कॅलपिंग बंद झालं. कारण सांगितलं जातं ते असं, की वाजवणारे मोठा आवाज काढायला जाड तारा लावत होते, टॉप ब्रिजमागे फुगत होते, गिटारी दुरुस्तीला परत येत होत्या आणि वॉरंटीचा खर्च कंपनीवर पडत होता. धंद्याच्या बाजूने बघितलं तर तक्रार करायला जागा नाही, तुटलेली गिटार कोणालाच नको असते. पण जाड तारा लावणारे मुख्यतः मोठ्या गिटारींचे लोक, ब्रिटिश युद्धनौकेचं नाव असलेल्या त्या ड्रेडनॉटचे, ज्यांना बँजो-फिडलच्या गर्दीत ऐकू जायचं होतं. शिक्षा मात्र ० आणि ०० लाही झाली. छोट्या गिटारवर कोणी बैठकीत एकटा बोटांनी वाजवतो, त्याला या मजबुतीचा काय उपयोग, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

आणि इथे लोक एक गफलत करतात, त्यांना वाटतं स्कॅलपिंगने गिटार वजनाला हलकी होते. नाही होत! खरवडलेलं लाकूड काही ग्रॅमचं असतं. फरक कडकपणात पडतो, पट्टीचा कडकपणा तिच्या उंचीच्या घनाने बदलतो, उंची निम्मी केली तर कडकपणा आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे चिमूटभर भुसा पाडून टॉप एकदम मोकळा होतो, आणि छोट्या पेटीला हा मोकळेपणा मोठीपेक्षा जास्त लागतो, कारण तिच्यात हवा कमी, हवेचा स्वतःचा सूर वर सरकलेला, खर्जाला पेटीतून मदत कमी मिळते, तिथे टॉपनेच हलायला पाहिजे. कडक टॉपची ड्रेडनॉट निदान दणका तरी देते, कडक टॉपची ० नुसती टणटण करते.

दुसरी बाजूही आहे. १९४५ नंतरच्या ब्रेसेस काही नुसते ठोकळे नव्हते, टोकांकडे निमुळत्या होत्या, आणि १९५० च्या दशकातल्या कित्येक छोट्या महोगनी गिटारी सुंदर वाजतात, सूर सुटे सुटे, खर्ज पसरत नाही. रेकॉर्डिंगवाल्यांना त्या आवडतात. शिवाय स्कॅलप केलेल्या जुन्या गिटारींचे फुगलेले टॉप आणि उचकटलेले ब्रिज मी पाहिलेत, त्यामुळे भीती खोटी होती असं म्हणता येत नाही.

पण खरं वजन नंतर चढलं. १९६७ ला नेकमध्ये चौकोनी स्टील नळी, १९६८ ला ब्रिजखाली मेपलच्या छोट्या पट्टीऐवजी रोझवूडची मोठी, १९८५ ला किल्लीने फिरवायची ट्रस रॉड. ही शेवटची सोय वाईट अजिबात नाही, कलमझूवाल्यांकडे ती १९२० च्या दशकापासून होती, नेक वाकली तर घरी सरळ करता येते, फक्त ती फुकट येत नाही. त्यात बंद डब्यातल्या जड खुंट्या, प्लास्टिकसारखं जाड फिनिश, पुढे पेटीत पिकअप आणि बॅटरी. जुन्या पद्धतीची ० दीड किलोच्या आसपास भरते, हा सगळा ऐवज घातला की तशीच पेटी दोन किलोकडे जाते, आणि नेक जड झाल्यामुळे मांडीवर ती डोकं खाली टाकते ते वेगळंच.

परतीचा प्रवासही मोठ्या गिटारपासूनच सुरू झाला. स्कॅलपिंग १९७६ मध्ये एका ड्रेडनॉटवर परत आलं, कारण दुरुस्ती करणारे लोक तोवर गिटारीत हात घालून स्वतःच ब्रेसेस खरवडू लागले होते. छोटीचे दिवस आले ते १९९२ ला, एरिक क्लॅप्टन या ब्रिटिश इलेक्ट्रिक गिटारवाल्याने टीव्हीवरच्या मैफलीत १९३९ ची ००० वाजवली तेव्हा. १९९५ मध्ये त्याच्या नावाच्या ४६१ गिटारी निघाल्या आणि मग ०००, ०० ची रांगच लागली. ही लाट बरीचशी दिसण्यावर गेली असं माझं मत, जुना पिवळसर रंग, कासवाच्या पाठीसारखा पिकगार्ड, आणि आत मात्र वॉरंटीला घाबरलेला टॉप. गेल्या काही वर्षांत भट्टीत भाजलेलं स्प्रूसचं लाकूड आणि नेकमध्ये कार्बन फायबर आल्याने थोडं वजन खरोखर उतरलंय.

त्यामुळे आज शोधताना साइजच्या आकड्याआधी आरसा आणि टॉर्च घेऊन आत बघावं, ब्रेस खोलगट आहेत का सपाट, ब्रिजखालची पट्टी केवढी, खुंट्या उघड्या आहेत का बंद. ब्रिजजवळ अंगठ्याने हलकेच ठोकावं, आवाज कपाटाचा येतो का डफाचा ते लगेच कळतं. आणि हलक्या बांध्याची मिळालीच तर .०१३ चा सेट (आकडा सगळ्यात पातळ तारेच्या जाडीचा, इंचात) लावू नये, .०११ किंवा फार तर .०१२.