कागदाला गाडी : सातारा-सांगलीतील जुन्या गाड्यांच्या बाजाराची पार्श्वभूमी

सातारा किंवा सांगलीत जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस सोबत ओळखीचा मिस्त्री घेऊन जातो. मिस्त्री बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, दाराच्या कडेचे रबर ओढून पत्र्याला ठोकपीट झाली आहे का ते पाहतो, आणि तेवढ्या वेळात घेणारा दलालाला एकच प्रश्न विचारतो : कागद क्लिअर आहेत ना? चोरीच्या गाडीच्या बाबतीतही या प्रश्नाचे उत्तर आता पुष्कळदा प्रामाणिकपणे ‘हो’ असे देता येते, आणि या धंद्याचा सगळा इतिहास त्या एका ‘हो’मध्ये आहे. पूर्वी चोरलेल्या गाडीसाठी कागद तयार केले जात. आता हाती असलेल्या खऱ्या कागदांसाठी गाडी चोरली जाते.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तोपर्यंत जिल्ह्याच्या गावात चारचाकी म्हणजे डॉक्टरांची फियाट नाहीतर कारखान्याच्या अध्यक्षांची अँबॅसिडर. कोणाची गाडी कोणती हे गावाला पाठ असल्याने परकी गाडी लगेच नजरेत भरे, आणि अख्खी गाडी विकण्यापेक्षा ती खोलून सुटे भाग विकणे चोराला सोयीचे पडे. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९पासून लागू झाला, त्यानंतर आजची एमएच मालिका आली आणि साताऱ्याला ११, सांगलीला १०, पुढे कऱ्हाडला ५० हे क्रमांक मिळाले. १९९१नंतर कर्जाने गाडी घेणे सोपे झाले. उसाची पहिली उचल हातात पडली की जुनी का होईना, पण चारचाकी दारात आणायची, ही रीत याच काळात रुजली.

या बाजाराची एक सवय पुढे चोरांच्या फार उपयोगी पडली. कायद्याच्या कलम ५०नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे अर्ज असतात, ज्यांना सगळेच टीटी फॉर्म म्हणतात. प्रत्यक्षात मूळ मालक कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या करून मोकळा होतो, दलाल ते फॉर्म डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो आणि गाडी तीन-चार हात फिरली तरी सरकारी दप्तरात पहिलेच नाव राहते. प्रत्येक वेळच्या नोंदणीचा खर्च वाचतो, एवढेच त्याचे समर्थन. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात, दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे स्पष्ट केले. तरीही ही सवय सुटलेली नाही. समोर उभा असलेला माणूस गाडीचा मालक नाही, ही गोष्ट आपल्याकडे संशयाची मानलीच जात नाही.

संगणकाच्या आधी परराज्यातून आलेली गाडी इथे पासिंग करायची तर मूळ आरटीओ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, लागे. त्यावर चॅसी नंबरचा, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या ओळख क्रमांकाचा, पेन्सिल प्रिंट असतो : ठोकलेल्या अक्षरांवर पातळ कागद धरून वरून शिसपेन्सिल घासली की नंबर कागदावर उमटतो. दाखला खरा की खोटा याची खात्री टपालाने करायची, आणि दूरच्या कार्यालयाचे उत्तर महिनोन्‌महिने येत नसे. जतच्या पलीकडे विजयपूर आणि मिरजेच्या पलीकडे बेळगाव जिल्हा लागत असल्याने सांगलीला परराज्याची पाटी नवलाची नव्हती. बनावट शिक्के आणि बनावट दाखले यांचा तो काळ होता.

‘वाहन’ या राष्ट्रीय संगणक प्रणालीवर देशभरातील कार्यालये येत गेली, तशी ही वाट अरुंद झाली. खोटे आरसी बुक मोबाइलवर दोन मिनिटांत उघडे पडू लागले. चोरांनी मग कागद खोटे करण्याचा नाद सोडला आणि खरे कागद कुठे मिळतात ते शोधले. ते अपघाताच्या गाड्यांत मिळाले.

विम्याच्या भाषेत, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा घोषित मूल्याच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला पैसे मिळतात आणि सांगाडा लिलावात जातो. अशा नष्ट झालेल्या गाडीची माहिती १४ दिवसांत देऊन नोंदणी रद्द करावी, असे कलम ५५ सांगते. पण सांगाड्याबरोबर जिवंत आरसी बुकही पुढच्या हातात गेले, तर लिलावातली किंमत लोखंडाची राहत नाही, त्या कागदाची होते. मग त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची आणि शक्यतो त्याच वर्षाची गाडी पुण्या-मुंबईच्या एखाद्या गल्लीतून उचलली जाते. सांगाड्यावरचा चॅसी नंबराचा पत्रा चौकोनी कापून तिच्यावर डकवतात, वेल्डिंगच्या कडा घासून त्यावर रंग मारतात, किंवा मूळ नंबर घासून नवा ठोकतात. ‘वाहन’वर पाहिले तर नंबर खरा, मालक खरा, विमाही चालू. एकाच राज्यातील हस्तांतरणात गाडी सहसा निरीक्षकापुढे उभी करावी लागत नाही, हे इथे ध्यानात घ्यावे.

चॅसी नंबर १७ अंकाक्षरांचा असतो. पहिली तीन उत्पादकाची खूण सांगतात, जसे मारुतीसाठी एमए३, महिंद्रासाठी एमए१, टाटासाठी एमएटी. शून्य आणि एक यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे त्यात कधीच नसतात. घाईत ठोकलेला नंबर कधी कधी एवढ्यावरच सापडतो. घासलेला नंबरही पूर्ण जात नाही, कारण ठोकताना पोलादावर पडलेला दाब अक्षरांच्या खालपर्यंत उतरलेला असतो. न्यायवैद्यक तज्ज्ञ तो भाग गुळगुळीत करून त्यावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण फिरवतात. दाबलेला आणि न दाबलेला धातू वेगवेगळ्या वेगाने झिजतो आणि गेलेली अक्षरे थोड्या वेळासाठी पुन्हा दिसू लागतात. फोटो तेवढ्यात काढावा लागतो. पत्राच कापून बदलला असेल, तर मात्र हा उपाय चालत नाही.

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर आणि सांगली सुमारे २३० किलोमीटर. बंगळूर महामार्गाने रात्री निघालेली गाडी उजाडायच्या आत सांगलीकडे वळणारा पेठ नाका ओलांडते. त्यात २०१५पासून दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि तिकडच्या स्वस्त गाड्या रीतसर दाखले घेऊन इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. त्यातल्या बहुतेक व्यवहारांत गैर काही नव्हते. पण निम्म्या किमतीची गाडी दिसली की ‘दिल्लीची असेल’ हे आयते कारण सगळ्यांना मिळाले.

याहून सोपा प्रकार म्हणजे कापाकापी न करता नुसती पाटी नक्कल करणे. फेब्रुवारी २०२१मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून तो बराच उघड होऊ लागला आहे, कारण गाडी अंगणात उभी असताना न केलेल्या प्रवासाचे चलन किंवा टोलचा संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो. उच्च सुरक्षा पाटी १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना बंधनकारक आहे; महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांसाठी ३१ मार्च २०२५ची मुदत ठरली आणि ती पुन:पुन्हा वाढली. होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक यांमुळे पाटीची नक्कल कठीण होते, यात शंका नाही. टोटल लॉसच्या कागदावर चालणाऱ्या गाडीला मात्र ही पाटी अडवू शकत नाही, कारण दप्तरी ती गाडी खरी आहे. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणे आणि ताब्यातील गाडी कळवणे आवश्यक झाले. शोरूमवाल्यांनी ते मनावर घेतले असेल. नाक्यावर टपरीशेजारी चार गाड्या लावून बसणारा दलाल त्या नियमाच्या चौकटीत आला आहे, असे मात्र म्हणवत नाही.

पोलीस दारात येतात तेव्हा घेणाऱ्याला पहिला धक्का कायद्याचा बसतो. १९३०च्या माल विक्री कायद्याचे कलम २७ सांगते की विकणाऱ्याकडे जो हक्क नव्हता तो घेणाऱ्याकडे येऊ शकत नाही. त्यामुळे पूर्ण पैसे मोजलेले असोत, बँकेचा बोजा चढलेला असो, गाडी त्याची नसते. चोरीचा माल आहे असे मानायला कारण असूनही तो घेतला, तर जुन्या दंड संहितेचे कलम ४११ लागे आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे ३१७ लागते. बाजारभावापेक्षा फार कमी किंमत हे तिथे पहिले विचारले जाते. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये, जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात सडू न देता लवकर हक्कदाराकडे द्याव्यात, असे सांगितले. परंतु चोरीचा दावा विमा कंपनीने आधीच चुकता केलेला असेल, तर तो हक्क कंपनीकडे गेलेला असतो. मग सुपूर्तनाम्यावर, म्हणजे गाडीचा ताबा घेतानाच्या हमीपत्रावर, कंपनीचा माणूस सही करतो, गाडी यार्डात जाते आणि काही दिवसांनी पुन्हा लिलावाला निघते.