पुढचा प्रश्न कोणता विचारावा?

प्राथमिक शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचे 50 प्रश्न असतात. नागपूर शहरात धरमपेठेतल्या मुलीला आणि जिल्ह्यात रामटेककडच्या मुलाला तेच 50 येतात. न्याय म्हणून हे ठीक आहे. मोजमाप म्हणून यात फार वेळ वाया जातो. जो प्रश्न एखाद्या मुलाला हमखास येणार, त्यातून त्याच्या तर्कशक्तीबद्दल नवं काहीच कळत नाही.

किती कळतं तेही मोजता येतं. डेन्मार्कचे गणितज्ञ गेओर्ग राश यांनी 1960 साली मांडलेल्या पद्धतीत मुलाची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी एकाच पट्टीवर बसवतात. दोन्ही समान असतील तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता 50 टक्के. प्रश्नातून मिळणारी माहिती म्हणजे बरोबर येण्याची शक्यता गुणिले चुकण्याची शक्यता. निम्म्या शक्यतेच्या प्रश्नातून 0.25 मिळते, 90 टक्के शक्यतेच्या प्रश्नातून जेमतेम 0.09. पहिल्या प्रकारचे 20 प्रश्न जेवढं अचूक सांगतात, तेवढ्यासाठी दुसऱ्या प्रकारचे 56 लागतात.

म्हणून अ‍ॅडाप्टिव्ह, म्हणजे मुलाच्या उत्तरांप्रमाणे प्रश्न बदलणाऱ्या चाचणीत संगणक प्रत्येक उत्तरानंतर क्षमतेचा अंदाज सुधारतो आणि त्या अंदाजाच्या जवळचा प्रश्न काढतो. अंदाजातली संभाव्य चूक ठरलेल्या मर्यादेखाली आली की चाचणी थांबते. कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमत्ता चाचणीत परीक्षक मुलाची उत्तरं पाहून वरच्या किंवा खालच्या वयोगटाच्या प्रश्नांकडे सरकतो. मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार झालेली बिने-कामत चाचणी त्याच वळणाची.

खरी मेहनत प्रश्नपेढीत, म्हणजे संगणक ज्यातून प्रश्न निवडतो त्या साठ्यात आहे. आकृत्यांच्या प्रश्नांत काठिण्य बऱ्यापैकी ठरवून आणता येतं: आकृती नुसती फिरत असेल तर सोपं, ती फिरते, तिच्यातले ठिपके वाढतात आणि रंगही आलटूनपालटून बदलतो, असे तीन नियम एकदम डोक्यात धरावे लागले तर अवघड. तरीही कागदावरचा अंदाज पुरत नाही. प्रत्येक प्रश्न आधी शेकडो मुलांना सोडवायला देऊन त्याची पातळी ठरवावी लागते, आणि ती मुलं एकाच शहरातली असून चालत नाहीत.

शब्दांच्या प्रश्नांत तर फारच जपावं लागतं. ‘पालक, मेथी, सांबार, वरण: गटात न बसणारा शब्द कोणता?’ नागपूरच्या मुलाला सांबार म्हणजे कोथिंबीर, तेव्हा उत्तर वरण. पुण्याच्या मुलासमोर दोन भाज्या आणि दोन ताटातले पदार्थ येतात, त्याला उत्तरच सापडत नाही. एकूण क्षमता सारखी असलेल्या दोन गटांत एखाद्या प्रश्नाचा निकाल असा वेगळा लागला, की तो प्रश्न तपासून पेढीतून काढावा लागतो.

एक अडचण मला या सगळ्याहून मोठी वाटते. अशा चाचणीत हुशार मुलालाही जवळजवळ निम्मे प्रश्न चुकतात, कारण त्याच्यासाठी निवडलेच तसे जातात. 50 पैकी 48 ची सवय असलेलं दहा वर्षांचं मूल घाबरून जाईल. यावर उपाय आहे: 70 टक्के शक्यतेचे प्रश्न निवडायचे. माहिती 0.25 वरून 0.21 वर येते, म्हणजे 20 प्रश्नांच्या जागी 24 लागतात. लहान मुलांच्या चाचणीत हे चार प्रश्न जास्तीचे घ्यायलाच हवेत.