झाकण उघडलं तरी स्क्रीन काळीच का?

झोपवलेल्या (स्लीपमधल्या) लॅपटॉपचं झाकण उघडलं. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला, पंखा फिरला, कॅप्स लॉक दाबला की त्याचाही दिवा पेटतो. स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. कॅप्स लॉक पेटतोय म्हणजे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) बहुधा जागा झालाय, ग्राफिक्स तेवढं झोपलेलं आहे. उपाय शोधायला जावं तर २००५चे, २०१०चे आणि परवाचे सल्ले एकाच ताटात वाढलेले मिळतात. त्यातला आपल्या मशीनचा कोणता, हे मशीन कुठल्या काळातलं आहे त्यावर ठरतं.

१९९२ साली इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम (ॲडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट) आणलं. त्यात झोपवण्या-उठवण्याचा सगळा कारभार बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामकडे होता. ऑपरेटिंग सिस्टीमने 'झोप' म्हणायचं. कशाची वीज कधी तोडायची आणि परत काय कसं उभं करायचं, ते बायोस बघायचा. बायोस नीट लिहिलेला असेल तर हे झकास चालायचं, कारण लिहिणाऱ्याला त्या मशीनचा भाग न् भाग ठाऊक असायचा. नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात काहीच नव्हतं.

डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे त्याच कामाचं नवं मानक जाहीर केलं आणि गणित उलटं झालं. आता निर्णय ऑपरेटिंग सिस्टीमचा, बायोसने मशीनची माहिती आणि छोटे छोटे प्रोग्राम तक्त्यांतून पुरवायचे. झोपेचे प्रकारही ठरले: एस३ म्हणजे रॅम जिवंत ठेवून जवळपास बाकी सगळं बंद. एस४ म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून मशीनच बंद. कागदावर छानच. पण एस३मधून उठताना बायोस नेहमीसारखी पूर्ण उजळणी करत नाही, लगेच सूत्रं ऑपरेटिंग सिस्टीमकडे देतो. मग वीज गेलेलं ग्राफिक्स कार्ड उभं कोणी करायचं? विंडोजमध्ये ते काम ड्रायव्हरचं, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचं. लिनक्समध्ये तेव्हा स्क्रीनचा मोड (रिझोल्यूशन वगैरे) एक्स सर्व्हर हा खिडक्या दाखवणारा, कर्नलबाहेरचा प्रोग्राम लावायचा, कर्नलला त्यातलं फारसं काही कळत नसे. काळ्या स्क्रीनचं मूळ बहुतेक वेळा इथे आहे.

त्यातून जुगाडांचं एक युगच सुरू झालं. व्हीबीईटूल ग्राफिक्स कार्डाचा बायोस पुन्हा चालवून बघायचं. बूट करताना कर्नलला 'एस३_बायोस' किंवा 'एस३_मोड' असे पर्याय द्यायचे. एस२रॅम नावाच्या प्रोग्राममध्ये तर कोणत्या मॉडेलला कोणती मात्रा लागू पडते याची यादीच होती. २००९मध्ये कर्नल २.६.२९मध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी कर्नल मोड सेटिंग आलं, मोड परत लावण्याचं काम कर्नलने अंगावर घेतलं आणि या याद्या हळूहळू अडगळीत गेल्या. जुनी मात्रा आजच्या कर्नलवर उगाच देऊ नये; बरं चाललेलंही बिघडू शकतं.

दुसरा घोळ एसीपीआयच्या त्या तक्त्यांचा. बरेच बायोस विंडोजवर चालले की पास. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर (तक्त्यांतला कोड तयार करणारा प्रोग्राम) ज्या चुका पोटात घालायचा, त्यांवर इंटेलचा बोट ठेवायचा. तक्ते वर ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतात, 'तू विंडोजची अमुक आवृत्ती आहेस का?' लिनक्स 'हो' म्हणतो. हे सोंग मुद्दाम घेतलेलं आहे, कारण तपासून झालेला रस्ता तेवढा एकच असतो.

मशीन खरंच मधेच गोठलं, तर पुरावा उरत नाही. स्क्रीन बंद, डिस्क जागी नाही, रीसेट केलं की रॅमचाही भरवसा नाही. २००६मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी यावर काढलेली तोड मला अजून भारी वाटते: पीएम_ट्रेस. रीसेटनंतरही टिकतं ते बॅटरीवरचं घड्याळ, म्हणून कर्नल उठताना प्रत्येक टप्प्याची खूण त्या घड्याळातच तारीख-वेळ म्हणून लिहितो. गोठलं की पॉवर बटण दाबून धरायचं, दोन-तीन मिनिटांच्या आत पुन्हा चालू करायचं आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'हॅश मॅचेस' ही ओळ शोधायची. तिच्यात अडलेल्या ड्रायव्हरचं नाव सापडण्याची शक्यता असते. तारीख भलत्याच सालात गेलेली दिसते, ती नंतर दुरुस्त करायची.

२०१२मध्ये विंडोज ८बरोबर कनेक्टेड स्टँडबाय आलं, पुढे विंडोज १०मध्ये त्याचं मॉडर्न स्टँडबाय झालं, आणि अनेक नव्या लॅपटॉपांतून एस३ गायबच झालं. तिथे मशीन झोपत नाही, पडून राहतं. लिनक्समध्ये याला एस२आयडल म्हणतात. जुन्या मशीनला दोन्ही येत असतील तर कोणतं चालू आहे ते सिस-पॉवर फोल्डरमधल्या 'मेम_स्लीप' फाइलीत दिसतं: चौकटी कंसातला शब्द म्हणजे सध्याची निवड. कंसात 'डीप' असेल तर लॅपटॉप एस३मध्ये जातोय. 'एस२आयडल' असेल आणि रात्रीत बॅटरी उतरत असेल, तर आधी ते बदलून बघा, मग ड्रायव्हरच्या मागे लागा.