माडाची खाच का भरत नाही?

आमच्या परसातल्या जुन्या माडावर आजोबांच्या काळात कोयत्याने खाचा मारल्या होत्या, पाडेल्याला चढताना पाय रोवता यावा म्हणून. त्या आजही तशाच आहेत, त्याच उंचीवर, उघड्या. शेजारच्या हापूसवरचा घाव मात्र काही पावसाळ्यांत कडेने फुगत फुगत झाकत आला.

ऊती म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह, हे आपण नववीत पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. आंब्याची साल सोलली की खाली जो ओलसर, बुळबुळीत थर हाताला लागतो, तिथे पार्श्व विभाजी ऊती असते. तिच्या पेशी सतत विभागतात, आतल्या बाजूला लाकूड घालतात, बाहेरच्या बाजूला रसवाहिन्या. खोड जाड होतं, घाव झाकला जातो तो तिच्यामुळेच. कलमाचा सगळा खेळही इथलाच. कोय कलम करताना कोवळ्या रोपाला चीर देऊन त्यात हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. दोघांच्या वाढत्या ऊती एकमेकींना चिकटल्या तरच कलम जगतं.

माडात हा थरच नाही. आडव्या कापलेल्या खोडात काळपट ठिपके विखुरलेले दिसतात, त्या त्याच्या जलवाहिन्या-रसवाहिन्यांच्या जुड्या. म्हणून माडाचं कलम होत नाही. उंची वाढवणारी प्ररोह विभाजी ऊती असते ती शेंड्यात, एकाच कोंबात. गेंड्या भुंगा पोखरत तिथवर पोचला की माड गेलाच म्हणायचा. आणि त्याच माडाच्या सोडणातला काथ्या म्हणजे दृढ ऊती, लिग्निन या कठीण द्रव्याने कडक झालेल्या मेलेल्या पेशी. त्या लिग्निनमुळेच सुंभ इतका टिकतो!

आपल्या अंगातही असे आंबे आणि माड आहेत. बांगडे साफ करताना विळीने बोट कापलं तर आठवड्याभरात भरतं, कारण त्वचेच्या अभिस्तर ऊतीतल्या खालच्या पेशी विभागतच असतात. गुडघ्यातली कास्थी, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं लवचिक कुरकुरीत आवरण, मात्र संयोजी ऊती असूनही तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. झिजली की नीटशी भरून येत नाही. मोरीचा, म्हणजे लहान शार्क माशाचा, अख्खा सांगाडा याच कास्थीचा, म्हणून तिच्या कालवणात टोचणारे काटे नसतात.

मोरी खाऊन गुडघा भरेल का, असं आजी विचारते. नाही भरत. खाल्लेली कास्थी पोटात इतर प्रथिनांसारखीच पचून जाते. हे तिला दोनदा सांगून झालं आहे.